काचेवरची साय

आमचं उपकरण दुसऱ्यांच्या उपग्रहावर बसणार होतं, म्हणून अटीही त्यांच्याच. आमच्याकडची घाण त्यांच्या भिंगांवर जाऊन बसता कामा नये. त्यासाठी आमच्या ग्वाल्हेरच्या लहानशा प्रयोगशाळेत, स्वच्छ खोलीत, उपकरणाशेजारी रोज एक कोरी काच ठेवायची आणि संध्याकाळी तपासायची. शनिवारपर्यंत सलग दोन दिवस काच स्वच्छ निघाली नाही, तर उपग्रहावरची आमची जागा जाणार होती.

सोमवारी काचेवर तेलकट साय. मंगळवारीही. बुधवारी काहीच नाही. गुरुवारी दुपारीच पुन्हा साय दिसली.

मला उमगेना. यादी माझी, एकतीस कलमांची, सगळ्यांवर खुणा. हातमोजे बदलले, गाळण्या पाहिल्या, फरशी पुसायचं पाणीसुद्धा बदललं.

"ताई, बुधवारी वेगळं काय झालं?" सहकाऱ्यानं विचारलं.

"काही नाही. मी तर रजेवर होते."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मीही स्वतःला.

पण माझ्यात काय होतं? पावडर नाही, काजळ नाही, केसांना तेल नाही. बाहेर येऊन मी स्वच्छ खोलीतला सूट उतरवला. आतल्या स्वेटरच्या बाहीशी त्यानं नाक नेलं.

"ताई, ये तो पूरी शादी महक रही है!"

संक्रांतीपासून आमच्याकडे हळदीकुंकवं चालू होती, कधी लष्कर भागात, कधी शिंदे की छावनीत. काकूंकडून हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, आणि गारठ्यात बाही खाली ओढायची माझी सवय. तोच स्वेटर सकाळी सूटच्या आत.

नववं कलम: सुगंधी द्रव्य नाही. खूण रोज मीच करत होते, आणि अगदी खऱ्या मनानं.

उपग्रहवाल्यांच्या तपासनीसांना फोन केला. ते म्हणाले, "यादीत लिहिलं होतं ना?"

"होतं. पण मी लावलं नव्हतं, काकूंनी लावलं."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज. मग, "दोन काचा स्वच्छ दाखवा."

शुक्रवारी स्वेटर घरी ठेवला. काच स्वच्छ. संध्याकाळी धाकट्या काकूंकडे हळदीकुंकू. अत्तरदाणी समोर येताच मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आमचं अत्तर चालत नाही का तुला आता?"

"उपग्रहासाठी, काकू."

"उपग्रहाला कोण लावतंय? तुला लावतेय!"

मी हात पाठीमागेच ठेवले. काकू रुसल्या, वाण मात्र दिलं.

शनिवारची काच स्वच्छ निघाली. उपकरणाला जागा मिळाली. नवव्या कलमात मी 'दुसऱ्यांनी लावलेलंसुद्धा' असं जोडलं आणि काकूंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.