बोटभर उतरणारं पाणी

कोमांग दर्सा माझा धाकटा भाऊ. समुद्रात त्याच्याइतका थंड डोक्याचा माणूस आमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. आणि तोच माणूस एका काचेच्या पेटीपुढं तोंड झाकून बसलेला मी बघितलाय. ती गोष्ट सांगते, लिहून घे. मध्ये मध्ये विचारू नकोस हां, माझा धागा तुटतो.

तो रंगीत मासे धरायचा. खायचे नाही, लोक हौसेनं घरात काचेत ठेवतात ते. होडीवर हवेचं यंत्र धडधडतंय, त्याची नळी तोंडात, हातात बारीक जाळी, की गेला खाली. बावीस वर्षं केलं त्यानं हे. जवळचे मासे सरत गेले तसं खोल जावं लागलं, आणि एकदा तो खोलातनं घाईनं वर आला. होडीत ओढून घेतला तेव्हा कमरेखालचं काही कळत नव्हतं त्याला. दोन दिवस तसाच पडून. मग पाय आले, पण डावा अर्धाच आला, ओढत चालायचा. डॉक्टरनं सरळ सांगितलं, परत नळीवर खोल गेलास तर उठायचा नाहीस, आणि कदाचित वरही यायचा नाहीस.

पण दुसरं येत काय होतं त्याला? त्याची बायको लुह वार्तिनी माझ्यासारखीच मिठातली. आम्ही दोघी शेजारी शेजारी, माडाच्या खोडाच्या डोणीत खारं पाणी वाळवायचो. पण पाऊस लागला की मीठ बंद, अर्धं वर्ष हात रिकामे. तेवढ्यात नेंगाह तिर्काची होडी तीन महिन्यांसाठी पूर्वेच्या बेटांकडं निघायची होती, खोल बुडीला. कोमांगनं त्याला अर्धा होकार देऊन टाकला. लुहनं ते ऐकलं. त्या दिवशी तिच्या हातून भात करपला.

होडी सुटायला दोन महिने होते. तेवढ्यात कोमांग एक काम करून आला. मासे विकत घेणारी ती बू मेलानी, दोन गावं सोडून तिचं गोदाम होतं, नुसत्या काचपेट्या. कोमांग तिला म्हणाला, मला मासे सांभाळायला ठेवा. ती हसली. म्हणाली, "धरणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. बायको आणणं आणि नांदवणं एक असतं का, कोमांग?" पण बाई वाईट नव्हती. तिनं सांगितलं, घरी एक पेटी लाव. आधी तीन आठवडे नुसतं पाणी मुरू दे. मग पाच मासे सोड आणि तीस दिवस ठेव. पाचही धडधाकट राहिले तर गोदामातली जागा तुझी.

म्हणजे बघ, पाच बोटाएवढे मासे, आणि त्यांच्यावर माझ्या भावाचा जीव.

त्यानं शाळेतल्या मास्तरांची जुनी पेटी आणली, दीड हात लांब. खाली वाळू, बू मेलानीकडचे दगड, आणि बुडबुडे सोडणारं एक चिमुकलं यंत्र. घरात अंधार, म्हणून पेटी ओटीवर ठेवली. पाणी लाटांच्या पलीकडनं, होडीतनं जाऊन आणलं. आणि मग तीन आठवडे हा गडी रिकाम्या पाण्यापुढं बसून. येणारा जाणारा टोमणे मारायचा. "काय कोमांग, दगड अंडी घालतील म्हणून बसलायस?" हा नुसता हसायचा. लुह रोज सकाळी देवाला फुलांचा द्रोण ठेवायची, तसा एक त्या पेटीच्या कोपऱ्यावर पण ठेवायला लागली.

मग मासे सोडले. नारिंगी पांढऱ्या पट्ट्यांचं एक जोडपं, दोन निळे, आणि एक ठिपक्यांचा, तो कायम वाळूत बसलेला. सगळे त्यानं स्वतः धरलेले, कमरेएवढ्या पाण्यातनं. पहिले दहा दिवस असे खेळले की बघत राहावं.

कोरडे दिवस होते, ओटीवर वारा नुसता वाहायचा. दोन दिवसांत पेटीतलं पाणी बोटभर उतरायचं. तेवढं उतरलं की कोमांग डबा घेऊन समुद्रावर जायचा, स्वच्छ पाणी आणायचा आणि पेटी काठोकाठ करायचा. लुहनं एकदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला. "समुद्राचे मासे, समुद्राचं पाणी. तू तुझं मीठ बघ." बावीस वर्षं समुद्राच्या पोटात राहिलेल्या माणसाला कोण शिकवणार?

सतराव्या दिवशी ठिपक्यांचा मेला.

कोमांगनं तो तळहातावर घेतला, कल्ले उघडून बघितले, पोट दाबून बघितलं. जखम नाही, काही नाही. म्हणाला, पाणी शिळं झालं असेल. मग रोज एक डबा ताजं समुद्राचं पाणी ओतायला लागला, आणि वारा आणखी घ्यायला म्हणून झाकण काढून ठेवलं. विसाव्या दिवशी एक निळा गेला. उरलेले तीन दगडाच्या मागं लपून धापा टाकायचे. खायला टाकलेलं तसंच खाली बसायचं.

कोमांग जेवेना. नेंगाह येऊन सांगून गेला, नळी नवीन घेतलीय, तुझ्या मापाचा बुडीचा चष्मा आणलाय. कोमांगनं मान हलवली. ती होय होती की नाही, मला काही कळलं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी मी दुपारी तिकडं गेले होते. लुह पेटीची काच पुसत होती. वरच्या कडेला पांढरं खरखरीत काहीतरी धरलं होतं. तिनं नखानं खरवडलं, जिभेला लावलं, आणि तशीच उभी राहिली. मग पेटीत बोट बुडवून चाटलं आणि थुंकली. मला म्हणाली, म्बोक, जरा थांब, आणि पळत मिठाच्या आगराकडं गेली. आमच्याकडं थोरल्या बहिणीला म्बोक म्हणतात, ती पण मला तेच म्हणायची.

आली ती आमची काडी घेऊन. बांबूची बारीक काडी असते, खाली खडा बांधलेला. पाण्यात सोडली की उभी तरंगते. पाणी जितकं खारं तितकी काडी वर. डोण वाळवायला तयार झाली का ते आम्ही त्यावरनं ओळखतो. तिनं आधी समुद्राच्या ताज्या पाण्याच्या बादलीत सोडली आणि पाणी जिथं आलं तिथं कोळशानं खूण केली. मग पेटीत सोडली. खूण पाण्याच्या वर आली, चांगली नखभर.

कोमांग बघत होता.

ती हळूच म्हणाली, "ब्ली," नवऱ्याला ती अशीच हाक मारायची, "वारा पाणी नेतो. मीठ नेत नाही. तू रोज वरनं आणखी मीठ घालतोयस. तू ओटीवर डोण लावलीयस."

मला वाटलं आता हा चिडणार. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग एकदम उठला. पेटी उपसतो म्हणाला, सगळं पाणी बदलून टाकतो, आत्ताच्या आत्ता. बादली उचलली पण. लुहनं त्याचं मनगट धरलं.

"तू घाईनं वर आलास तेव्हा काय झालं होतं?"

बादली त्यानं खाली ठेवली.

मग त्यांनी ठरवलं, खोलातनं बुडीवाल्यानं थांबत थांबत वर यायचं असतं, तसंच माशांना पण थांबत थांबत आणायचं. दर तासाला पेटीतलं एक करवंटी पाणी काढायचं आणि एक करवंटी विहिरीचं गोडं पाणी घालायचं, तेही थेंब थेंब. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. हिशेबानं पाच दिवस लागणार होते. बू मेलानी यायला तीनच उरले होते.

आता माझं सांगते. मी काही देवमाणूस नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, खडकापाशी तसलाच एक निळा आणि एक ठिपक्यांचा मिळेल. गुडघ्याएवढ्या पाण्यात. सोड आणून, तिला काय कळतंय? त्यानं जाळी उचलली आणि पाय ओढत गेला. लुहनं त्याला जाताना बघितलं, माझ्याकडं पण बघितलं, आणि करवंटी भरायला वाकली. बराच वेळ तो आलाच नाही. आला तेव्हा कपडे भिजलेले, जाळी रिकामी.

म्हणाला, "म्बोक, दोन्ही धरले होते. सोडून दिले. ह्या पाण्यात टाकले असते तर परवापर्यंत तेही मेले असते. आणि जगले असते, तर मला काहीच येत नाही हे फक्त मलाच माहीत राहिलं असतं."

मी करवंटी उचलली आणि विहिरीवर गेले.

तिसाव्या दिवशी बू मेलानी आली. ओटीवर टेकली, पेटीत डोकावली, एक, दोन, तीन मोजले. नारिंगीतली मादी एका अंगावर कलून पोहत होती. "मी पाच म्हटलं होतं." कोमांगनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, काडी पण दाखवली. ती काडी तिनं हातात घेऊन बघितली, परत दिली. म्हणाली, दहा दिवसांनी येईन, तेव्हा हे तीन कसे आहेत बघते. आत्ता काही सांगत नाही.

आणि होडी तर दुसऱ्या दिवशी सुटणार होती.

सकाळी नेंगाह अंगणात येऊन उभा राहिला. खाली किनाऱ्यावर यंत्र चढवत होते, आवाज येत होता. म्हणाला, "चल. बाईनं नाही म्हटलं तर तीन महिने बसून काय करशील? मासे चाटशील?" लुह चुलीपाशी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण फुंकणी तोंडाशी नेलेला हात तसाच राहिला. कोमांगच्या हातात करवंटी. तो थेंब थेंब सोडत होता, पूर्ण रिकामी होईपर्यंत बोलला नाही. नेंगाहला वाटलं, ऐकू गेलं नाही. परत विचारायला लागला.

"नाही येत मी," कोमांग म्हणाला. "तासानं दुसरी घालायचीय."

दहा दिवस त्या घरात भात शिजला नाही. उकडलेला टॅपिओकाचा कंद आणि मीठ-मिरची, तेवढंच. करवंटी सुरू केल्यापासून पाचव्या दिवशी काडीची खूण पाण्याला लागली. सहाव्या दिवशी ती कललेली मादी सरळ झाली, आणि आठव्या दिवशी तिनं निळ्याला दगडामागनं हाकलून लावलं. लुह मला सांगायला धावत आली, भांडायला लागली गं, भांडायला लागली.

बू मेलानी आली ती चिमूटभर खाणं घेऊन. पाण्यावर टाकलं. तिघंही वर आले, तिच्या बोटांना टोचा मारायला लागले. तिनं कोमांगला सोडून लुहला विचारलं, ती काडी तू केलीस? माझ्या गोदामात चाळीस पेट्या आहेत, तेवढ्या करून देशील का? मग उठता उठता कोमांगला म्हणाली, सोमवारी सातला ये. उशीर केलेला मला चालत नाही.

सोमवारी तो साडेपाचलाच निघाला. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, गुडघे घट्ट आवळून, एका हातात केळीच्या पानात बांधलेला भात. रस्त्यानं कामाला जायची त्याला सवयच नव्हती. लुह आणि मी आगरात होतो. ती वाकून डोणीतलं मीठ ओढत होती. वळणापलीकडं मोटरसायकलचा आवाज विरला तेव्हा तिनं कंबर सरळ केली आणि म्हणाली, "म्बोक, आज भात नाही ना करपला?"