चेक जावाचं बोलावणं

आधीच सांगते, मी ऑडिटमध्ये काम करते. या सदरातले अनुभव दुपारी डबा खाताना वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाची उलटतपासणी घेते – जेवला होतात का, ऊन लागलं नव्हतं ना, चष्मा कुठे होता... भुतंखेतं, आत्मे वगैरे मला कधीच पटलेलं नाही. आता माझाच नंबर लागलाय. घ्या खुशाल उलटतपासणी!

आम्ही सिंगापूरमध्ये सेंगकांगला राहतो – मी, नवरा मंदार आणि नऊ वर्षांची ईशा. सासरे गेल्यावर सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. आई मूळच्या गुहागरच्या, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. इथे आल्यापासून त्यांना घराबाहेर पडणं नकोच. लिटिल इंडियात नेलं तर मिठाईच्या दुकानात एका खुर्चीवर बसून राहिल्या. माझ्याकडे हळदीकुंकू होतं त्या दिवशी बायका यायच्या आत आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. आता परत जायची तारीख जवळ आली होती, गेल्यावर गुडघ्यांचं ऑपरेशन. त्याआधी एकदा तरी त्यांना मनापासून कुठेतरी यावंसं वाटावं, एवढाच माझा हट्ट होता.

आणि मला चेक जावा सुचलं! पुलाउ उबिन बेटाच्या टोकाचा हा संरक्षित किनारा. ओहोटीला पाणी पार लांब जातं, समुद्राचा तळ उघडा पडतो आणि वर खांबांवर बांधलेल्या बोर्डवॉकच्या वाटेवरून चालत सगळं बघता येतं – तारामासे, खेकडे, समुद्रातलं गवत. शंखसुद्धा उचलायचा नाही, इतका कडक नियम. माझ्या अंगातच आलं. चार मराठी कुटुंबांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, शनिवार सकाळची ओहोटी शोधली, थालीपीठं कोण आणणार, डासांचं मलम कोण आणणार, सगळं वाटून दिलं. "सहल आहे की लग्न?" मंदार म्हणाला.

आई मात्र ढिम्म. "तुम्ही जा गं. मला न्यायचं म्हणजे सगळ्यांचा खोळंबा."

म्हणून मी ठरवलं, आधी आपण एकटीने जाऊन बघून यायचं. बाक किती अंतरावर आहेत, पायऱ्या आहेत का, टॉयलेट कुठे आहे... सगळं बघून आले की आईंना सबब उरणार नाही. बुधवारी सुट्टी टाकली. चांगीहून बमबोट – माणसं भरली की सुटणारी छोटी लाकडी होडी – आणि पुढे व्हॅन.

भर दुपार होती. बोर्डवॉकवर चिटपाखरू नव्हतं. मी बाकांचे फोटो काढत, कठडे हलवून बघत चालले होते. तेवढ्यात खालून आवाज आला, "काय गो, एकटीच?"

मराठी! उबिनवर! मी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली ओल्या वाळूत एक बाई उभ्या होत्या. साठी उलटलेली, साधं सुती लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात मोकळे. परदेशात अचानक मराठी माणूस भेटलं की आपलं जे होतं तेच माझं झालं... डोकं बंद आणि तोंड सुरू. "अय्या, तुम्ही कुठल्या? इथे कुठे राहता? सेम्बावांगला का?" त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही, नुसत्या हसल्या. मला तेवढंही पुरलं. आईंचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, शनिवारचा सगळा बेत सांगितला. शेवटी विचारलं, "बाक भरपूर आहेत, आणू ना मी त्यांना?"

"आणायला ती काय बोचकं आहे?" बाई म्हणाल्या. "बोलावणं सांग तिला. म्हणावं, शनिवारी अगत्याने ये. मी वाट बघत्ये."

मी नाव विचारणार तोच ऑफिसचा फोन आला. दोन वाक्यं बोलून वळले तर बाई नव्हत्या. खांबांच्या आडून पुढे गेल्या असतील, असं मला वाटलं. त्यांचा फोटो काढायचंही सुचलं नाही.

घरी येऊन चपला काढता काढताच मी सगळं सांगून टाकलं. मंदार हसत होता. आई मेथी निवडत ऐकत होत्या.

"कुठे उभी होती म्हणालीस?"

"खाली, वाळूत."

"भर दुपारी?"

"हो."

"अगं, आज पौर्णिमा. पौर्णिमेला भर दुपारी भरती असते. वाळू कुठली?"

"इथला समुद्र वेगळा असेल, आई," म्हणत मंदारने फोनवर भरतीची वेळ काढली. त्याचं हसू तिथेच थांबलं. आई बरोबर होत्या. मी घाईघाईने माझे फोटो उघडले. एका बाकाचा फोटो बाईंशी बोलायच्या जरा आधीचा, एक नंतरचा. दोन्हीत कठड्यामागे हिरवंगार पाणी, बोर्डवॉकच्या खांबांवर पार वरपर्यंत चढलेलं. वाळूचा कणही नाही. त्या पाण्यात माणूस उभं राहणं शक्यच नव्हतं. पण मी ती वाळू पाहिली होती, त्यावरची बाईंची पावलंही पाहिली होती.

"मम्मा, मस्ट बी मरमेड, ला!" ईशा म्हणाली.

मंदारने ठणकावून सांगितलं, "शनिवार रद्द. कोण कुठली बाई आईला समुद्रावर बोलावते आणि आपण घेऊन जायचं? बाबांना जाऊन जेमतेम दीड वर्ष झालंय." एरवी मी वाद घातला असता. पण आता मलाही भीती वाटत होती. सहल रद्द म्हणून ग्रुपवर लिहायला घेतलं.

"काही रद्द करू नकोस," आई म्हणाल्या. "मी येणार आहे."

"अहो आई, पण ती बाई कोण होती तेच माहीत नाही..."

"कोण का असेना. हे गेल्यापासून सगळ्यांनी मला इकडून तिकडे नेलं. बोलावलं कुणी नव्हतं."

मी लिहिलेलं पुसून टाकलं.

शनिवारी आई सगळ्यांच्या आधी तयार. ठेवणीतली फिकट निळी साडी नेसल्या होत्या! बमबोटीत पाण्याचे शिंतोडे उडाले तर लहान मुलीसारख्या खिदळल्या. मला इतका आनंद झाला की भीती विसरायला झालं. मंदार मात्र पूर्ण वेळ त्यांचा दंड धरून होता.

आता पाणी खरोखरच लांब गेलं होतं. नजर पोचेल तिथवर ओली, चमकणारी वाळू. मुलं तारामासा दिसला म्हणून नाचत होती. त्या जागेपाशी आल्यावर मी आईंना हळूच सांगितलं, "इथे." खाली कोणीही नव्हतं. आईंनी मंदारचा हात सोडवला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि कुणाच्या दारात उभं राहून सांगावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "आले गं मी!"

आमच्या मित्रमंडळींनी एकमेकांकडे बघितलं. मी श्वास धरून खाली बघत राहिले. काहीच झालं नाही. आई मात्र बराच वेळ वाळूकडे बघत उभ्या होत्या, मग समाधानाने मान हलवली आणि चालायला लागल्या. पूर्ण फेरी त्यांनी स्वतःच्या पायांनी केली. मी हेरून ठेवलेल्या बाकांवर आम्हीच बसलो.

ऊन, थकवा, भास... स्वतःची उलटतपासणी मी शंभरदा घेतली आहे. तिथल्या माणसांनाही विचारलं. इतक्या भरतीत कोणी खाली जात नाही, म्हणाले. त्या बाई कोण होत्या, त्यांना आईंची वाट का बघायची होती, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा.

आई आता पुण्यात आहेत, ऑपरेशन छान झालं. परवा व्हिडिओ कॉलवर होतो तेव्हा शेजारच्या काकू डोकावल्या आणि त्यांना विचारू लागल्या, सुनेने सिंगापूरला कुठे कुठे नेलं म्हणून.

"नेलं नाही हो," आई तोऱ्यात म्हणाल्या, "मला बोलावणं होतं."