प्रत्येक वेळी चुकणारी मुलगी

७ मे १९५६, सोमवार. सुट्टीतल्या ट्यूशनसाठी मी अंधेरीच्या घरी व्हरांड्यात पाट्या धुऊन उन्हाला लावत होते. तेवढ्यात वसंतराव फाटक उघडून आत आले. बरोबर त्यांची आठ वर्षांची नलिनी. ऐन मे महिन्यात पायात बूट आणि मोजे.

वसंतराव नैरोबीला रेल्वेच्या ऑफिसात होते. लीव्हवर आले होते. बायको आणि तान्हा मुलगा तिकडेच. मुलीला मात्र इथे अंधेरीत बहिणीकडे ठेवायचं होतं. मी शिकवत होते त्या शाळेत तिसरीची एक जागा तिच्यासाठी राखली होती, पण एका अटीवर. वर्गात काय चाललंय ते तिला मराठीतून कळलं पाहिजे आणि तसं मी लिहून दिलं पाहिजे.

“हिला एक शब्द येत नाही हो,” वसंतराव म्हणाले. “तिकडे शाळा इंग्रजी. घरात आया, ती स्वाहिली. मीही इंग्रजीच बोलतो.”

“आणि आई?”

“ती दिवसभर बाळात. मराठी न येणारी मुलगी उद्या कुणाच्या घरी द्यायची, सांगा तुम्हीच.”

“इथे राहायचंय हे तिला सांगितलंय?”

“छे. सुट्टीला आलोय एवढंच तिला माहीत. बोटीच्या आदल्या दिवशी सांगू. उगाच आतापासून रडारड कशाला?”

नलिनी पाट्यांवरून ओघळणारं पाणी बघत होती.

परदेशात वाढलेली मुलं माझ्याकडे बरीच यायची. रंगूनची, एडनची, झांझिबारची. माझी रीत ठरलेली होती. आधी कान, मग तोंड, शेवटी हात. म्हणजे सुरुवातीला मुलाने फक्त ऐकायचं आणि सांगितलेली वस्तू उचलायची. बोलायची सक्ती नाही, लिहिण्याचं नाव नाही. सतरंजीवर वाटी, कंगवा, किल्ली आणि बटाटा मांडला आणि मी म्हणाले, “किल्ली दे.”

नलिनीने कंगवा दिला.

“वाटी दे.”

बटाटा दिला. दोन्ही हातांनी, अगदी अदबीने.

दोन आठवडे हेच चाललं. मी वस्तू बदलल्या, हळू बोलले, खुणा केल्या. तिला न्यायला येणारी आत्या दारातूनच विचारायची, “लागला का काही उजेड? मडमेची पोर आहे ही, बाई. आमटी वाढली की सूप म्हणते.”

वसंतरावही एकदा येऊन गेले. “काय प्रोग्रेस?”

“शून्य.”

“असं कसं? तुमचं बरंच नाव ऐकून आलो होतो.”

“मीही ऐकून आहे. तिचे कान दाखवून आणा.”

कान दाखवले. डॉक्टरांनी उत्तम आहेत म्हणून सांगितलं.

त्या दुपारी स्वयंपाकघरात एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली. ज्याला काहीच कळत नाही तो अंदाजाने उचलतो. चार वस्तू असल्या की कधी ना कधी बरोबर वस्तू हाताला लागतेच. रंगूनच्या मठ्ठातल्या मठ्ठ पोराच्याही लागायची. नलिनीच्या एकदाही लागली नव्हती. दरवेळी चुकायचं तर बरोबर काय ते माहीत असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी काहीच मांडलं नाही. दार लोटून घेतलं आणि नेहमीच्या आवाजात मराठीत म्हणाले, “नलिनी, तुला सगळं कळतं.”

ती कोकणी हेल असलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, “बाबांना सांगू नका, बाई.”

“का?”

“मराठी आलं तर शाळेत घेतील. नाही आलं तर घेणार नाहीत. मग बाबांना मला बोटीवर न्यायलाच लागेल.”

“हे कोणी सांगितलं तुला?”

“कोणी नाही. सगळे माझ्यासमोरच बोलतात.”

मला वाटलं, धक्का एवढाच. पण ती मोजा वर ओढत पुढे म्हणाली, “आईला माहीत नाही. बाबा आत्याला म्हणाले, आधी सांगितलं असतं तर तिने सोडलंच नसतं. आई मला घ्यायला नैरोबीच्या स्टेशनवर येणार आहे.”

मुलांच्या थापा मी आयुष्यभर पकडत आले. पण आठ वर्षांची मुलगी रोज माझ्यासमोर बसून न चुकता चुकीची वस्तू उचलते आणि घरी जेवताना हे सगळं मुकाट ऐकून घेते, ही थाप मला दोन आठवडे कळली नव्हती. मी उठून पाणी प्यायले. तिलाही दिलं.

“मी खोटं लिहून देत नाही,” मी म्हणाले. “पण बाबांशी बोलेन ते तुझ्यासमोर.”

“मग ते मला ठेवतील.”

“तुझ्या आईला विचारल्याशिवाय नाही.”

संध्याकाळी वसंतराव आणि आत्या आले. हिला सगळं मराठी येतं असं मी सांगितलं तर वसंतराव हसले. “काय गं नलू, बोल बघू काहीतरी.”

“आईला कधी सांगणार, बाबा?”

ते खुर्चीत बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे ॲडमिशनला आता अडचण नाही.”

“तिचे कान चांगले आहेत. तुमचे दाखवून या,” मी म्हणाले. “हे मराठी तिला आईने दिलंय. त्या आईला तार करा. उत्तर येईपर्यंत मी शाळेला एक अक्षर लिहून देणार नाही.”

“बाई, तुम्हाला शिकवायला ठेवलंय.”

“शिकवण्यासारखं काही उरलं नाही.”

एवढा वेळ आत्या तोंडावर पदर धरून उभी होती. ती म्हणाली, “दादा, तार कर रे. हिच्या आईबद्दल मी हिच्या देखत काय काय बोललेय. मी नाही ठेवून घ्यायची हिला आता.”

तार गेली. उत्तर आलं: नलिनीला घेऊनच या, नाहीतर मी बाळासकट निघते. वसंतरावांनी ते मला उभ्याउभ्याच सांगितलं. आपल्याच बोटीवर मुलीची सोय केली, असंही म्हणाले आणि चहा न घेता गेले.

मूल बोलत नाही म्हणून ते ऐकतही नाही, असं मोठी माणसं धरून चालतात. तेव्हापासून पालकांशी बोलायचं असलं की मी आधी मुलाला अंगणात पाठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. नलिनीसाठी राखलेली जागा दुसऱ्या मुलीला द्या, असं हेडबाईंना सांगितलं.

“एवढी घाई कसली? बोटीला अजून वेळ आहे ना?”

“म्हणूनच. तोवर वसंतरावांचा विचार फिरायला नको,” मी म्हणाले आणि नाव माझ्यासमोर खोडून घेतलं.