दुपारची रात्र

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. गोकुळ रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सांडलेल्या तेलावरून घसरलो आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पाय उशीवर उंच ठेवून पडून राहायला सांगितलं. बायको देशपांडे नगरातल्या बँकेत नोकरीला. ती सकाळी स्वयंपाक झाकून ठेवून जायची, आणि मग दिवसभर घरात मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी.

उणकलला तळ्याजवळ आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. घरापुढे लांबट व्हरांडा आहे. तिथे कॉट टाकून मी पडायचो. जेवण झालं, गोळ्या घेतल्या की डोळे जड व्हायचे. तळ्याकडून वारा यायचा, दोरीवरची चादर फुगायची, पुन्हा खाली बसायची. आपण जागे आहोत की झोपलो आहोत हे माझं मलाच कळत नसे. अशा वेळी मुलांचे आवाज कानावर यायचे ते पाण्याखालून आल्यासारखे.

मुलं माझ्या कॉटच्या आसपासच खेळायची. आमची मुलगी आणि समोरच्या घरातले दोघे भाऊ. मोठा आठ-नऊ वर्षांचा, धाकटा जेमतेम पाचाचा. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी, कधी एकाच वाक्यात दोन्ही. त्यांनी 'रात्र' नावाचा एक खेळ काढला होता. माझा प्लास्टरमधला पाय हा डोंगर. स्टीलची ताटली म्हणजे सूर्य. मोठा भाऊ ताटली हळूहळू माझ्या पायामागे न्यायचा, सूर्य मावळायचा, आणि सगळे चटईवर आडवे होऊन डोळे मिटायचे. मी कूस बदलायला गेलो की मुलगी हळूच म्हणायची, "अप्पा, हलू नको ना. डोंगर कुठं हलतो?"

थोड्या वेळाने कुणीतरी "बेळगातु" म्हणायचं, म्हणजे उजाडलं. मग प्रत्येकानं आपल्याला काय स्वप्न पडलं ते सांगायचं. एक बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, हा नियम त्यांचा त्यांनीच केला होता. धाकट्याला रोज एकच स्वप्न पडायचं. एक बकरी त्याचं दप्तर खायची. बाकीचे ते रोज नव्यानं ऐकून घ्यायचे. आमच्या मुलीच्या स्वप्नात तळं जिना चढून वर यायचं आणि गच्चीवर जाऊन बसायचं. ऐकता ऐकता मीही झोपून जायचो, आणि माझ्या झोपेत ते तळं खरोखरच पायऱ्या चढत यायचं.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर एक नवं कुटुंब राहायला आलं. कन्नड बोलणारं. आई, आमच्या मुलीएवढीच एक मुलगी, आणि वडील बळ्ळारीकडे एका कारखान्यात. महिन्यातून एकदा घरी येणारे. ती मुलगी पहिल्या दिवशी जिन्यात बसून नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या मुलीनं तिला हात धरून आणलं.

सूर्य मावळला, तिघं आडवी झाली. नवी मात्र उभीच. जरा वेळ थांबली आणि मग धाकट्याजवळ बसून तिनं दोन बोटांनी त्याच्या पापण्या उघडायला सुरुवात केली. तो ओरडला. त्यानं हात झटकला तर ती त्याच्या दंडाला चावली.

मोठी रडारड झाली. मी कॉटवरून उठू शकत नव्हतो, म्हणून नुसता "अरे, अरे" करत राहिलो. ती मुलगी धावत वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि पुन्हा तेच. आता आमच्या मुलीच्या पापण्या. चावली नाही, पण हाताला धरून ओढत राहिली. "निद्दि वल्ले," एवढंच म्हणत होती. झोप नको.

"हिला घ्यायचं नाही," धाकटा म्हणाला.

 आमची मुलगी आपला डोळा चोळत त्या मुलीकडे बघत राहिली. मोठा भाऊ ताटली हातात घेऊन विचार करत होता. मग म्हणाला, "हिला नको झोपू दे. वॉचमन कुठं झोपतो?"

"वॉचमन काय करतो?" त्या मुलीनं कन्नडमध्ये विचारलं.

"सगळे झोपले की बघत राहतो. कोण आलं, कोण गेलं."

कॉटला टेकवलेली माझी काठी आमच्या मुलीनं तिच्या हातात दिली. मला कुणी विचारलं नाही. डोंगराला कोण विचारणार?

त्या दुपारी पहिल्यांदा रात्र शांततेत पार पडली. काठीचा टक टक आवाज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. अनेक दुपारी मी त्या आवाजावरच झोपलो. कुणीतरी आपल्यासाठी जागं आहे, ही भावना मोठ्या माणसालाही बरी वाटते.

झोप नाही म्हणून वॉचमनला स्वप्न नव्हतं. मग तिनं रात्री काय काय पाहिलं ते सांगायचं ठरलं. सुरुवातीला ती एखाददुसरा शब्द बोलायची. मांजर आली. पाऊस आला. हळूहळू लांब बोलू लागली. एके दिवशी म्हणाली, "एक माणूस आला. हातात बॅग. चपला पायात नव्हत्या, हातात होत्या. आवाज होऊ नये म्हणून."

"चोर," धाकटा म्हणाला.

"चोर नाही. माझे अप्पा."

 वारा पडला होता. मी डोळे मिटूनच राहिलो. मध्ये न बोलायचा त्यांचा नियम मलाही लागू होता असं वाटलं.

मग आमच्या मुलीनं विचारलं, "कुठं चालले होते?"

"कामाला. मी झोपले की जातात."

"तू थांबवलं नाहीस?"

"मी झोपले होते," ती म्हणाली.

मोठ्या भावाला यातला घोटाळा कळला असावा. आत्ताच तर वॉचमन होती, मग झोपली कशी? पण तो हसला नाही. म्हणाला, "चला, ते खेळू."

पुढचे कितीतरी दिवस ते तेच खेळले. धाकट्यानं वडील व्हायचं, माझ्या डब्याची पिशवी खांद्याला लावायची, चपला हातात घेऊन चवड्यांवर चालायचं. आमच्या मुलीनं झोपायचं. वॉचमननं काठी आडवी धरायची.

"कुठं?"

"कामाला."

"आधी तिला उठवा."

"ती रडेल."

"रडू दे."

मग धाकटा आमच्या मुलीला हलवून उठवायचा, ती रडायची. किती रडायचं यावर त्यांच्यात वाद व्हायचा. मोठा म्हणायचा फार झालं. ती नवी मुलगी म्हणायची, नाही, एवढं रडू येतं. आणि तिचंच खरं धरलं जायचं, कारण हे तिला माहीत होतं. रडून झालं की निरोप द्यायचा. "होगि बा." जाऊन ये.

एके दुपारी तिनं काठी मोठ्या भावाच्या हातात दिली आणि स्वतः चटईवर आडवी झाली. डोळे मिटले. पापण्या थरथरत होत्या, पण मिटलेल्या होत्या. धाकट्यानं जवळ जाऊन तिच्या खांद्याला अगदी हलका हात लावला. चावलेली जागा त्याच्या लक्षात असणारच. ती उठून बसली. रडली नाही. त्याच्याकडे बघून म्हणाली, "होगि बा."

दसऱ्याला तिचे वडील आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. माझ्या पायाची चौकशी करून गेले. निघायच्या दिवशी पहाट सरत आली तेव्हा जिन्यात पावलं वाजली. गरम होतं म्हणून मी व्हरांड्यातच झोपलो होतो. वडिलांच्या पायात बूट होते आणि ते चांगले वाजत होते. मागे ती मुलगी. बॅगचा एक बंद तिच्या हातात. तिच्या आईनं नंतर बायकोला सांगितलं की आदल्या संध्याकाळी जेवताना पोरगी सरळ म्हणाली होती, "मला उठवून जा. मी रडले तरी उठव."  इतके दिवस तिला त्रास नको म्हणूनच वडील ती झोपेत असताना निघून जायचे.

फाटकाशी वडील वाकले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला "होगि बा" म्हणायचं होतं, पण "होगि"च्या पुढे शब्द गेला नाही. ती मोठ्यानं रडू लागली. वडील थांबले. बॅग खाली ठेवून तिथेच उकिडवे बसले. पहिली बस गेली असणार. दुसरी असतेच. उजाडत होतं, तळ्यावरून पांढरे पक्षी ओळीनं येत होते. ते दोघं फाटकाशी बसलेले आणि मी गुंगीत त्यांना बघत होतो.

मग तिनं नाक पुसलं, वडिलांना उठवलं, बॅगचा बंद त्यांच्या खांद्यावर चढवायला मदत केली आणि अर्धा राहिलेला शब्द पुरा केला.

वडील वळणावर दिसेनासे झाल्यावर ती वर गेली नाही. माझ्या कॉटच्या कडेला येऊन बसली.  थोड्या वेळानं आमची मुलगी डोळे चोळत बाहेर आली, तिच्याकडे पाहिलं आणि शेजारी जाऊन टेकली. बायकोनं उप्पीट केलं होतं; दोघींना आत बसवून द्यावं असं मला वाटलं, पण तिनं ताटल्या तिथेच आणून दिल्या. दोघी खात बसल्या.