सात धोंडे आणि एक सांधा

निवृत्तीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. होणार नाही तर काय! टाकीतलं पाणी रोज हातभर उतरत होतं, ते नळाला येत नव्हतं, आणि निंबाळवाडीच्या शिवारात कुठं वाटीभर चिखलसुद्धा दिसत नव्हता. मग पाणी जात होतं कुठं? हवेत विरायला ते काय कापूर होतं?

निवृत्ती म्हणजे गावचा नळ सोडणारा. उदगीरहून जळकोटला जाताना डाव्या हाताला माळावर एक बसकी दगडी टाकी दिसायची, ती निंबाळवाडीची. टाकीपासून गावाच्या वेशीपर्यंत मैलभर काळ्या रानातून बिडाचा पाईप आलेला. निजामाचं राज्य गेल्यावर चार-पाच वर्षांनी तो पुरला, आणि त्यानंतर कुणी त्याच्याकडं वळून बघितलं असेल तर शपथ. टाकीच्या तोंडाचा व्हॉल गंजून असा अडकला होता की बंद करायला जावं तर मोडूनच हातात यायचा. म्हणून निवृत्ती वेशीजवळचा व्हॉल फिरवायचा, आणि टाकीपासून तिथवरचा मैलभर पाईप रात्रंदिवस भरलेलाच असायचा.

साल शहाऐंशी. लातूरचा नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. विहिरीनं तळ गाठला. टाकीत सहा हात पाणी साठवून ठेवलेलं. टँकर सुरू होईपर्यंतचे बारा दिवस त्यावर काढायचे, असं पंचायतीत ठरलं. चार दिवसांत त्यातलं दोनच हात उरलं. निवृत्ती टाकीवर चढायचा, बांबू बुडवायचा, ओल मोजायचा, खाली उतरायचा आणि पुन्हा चढायचा. दुसऱ्यांदा मोजून पाणी वाढत नसतं हे त्याला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

गाव काय गप्प बसतंय? निवृत्तीनं पाणी वीटभट्टीवाल्याला विकलं, असं पारावर बोलू लागले. पहिल्यांदा त्याला राग आला. मग दोन दिवस तेच ते ऐकून त्यालाच शंका यायला लागली, की आपण एखादा व्हॉल उघडा तर नाही ना ठेवला? जेवताना घास हातात तसाच धरून तो उठायचा आणि वेशीकडं पळायचा. व्हॉल बंदच असायचा. पंचशीला, त्याची बायको, ताटावर झाकण घालून बसून राहायची.

खरं सांगायचं तर दोष होता जमिनीचा आणि पाईपाच्या म्हातारपणाचा. दोन वर्षं पाणी न प्यालेली काळी जमीन आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्या ओढीनं पाईपाचे सांधे सुटतात. आणि सुटलेलं पाणी त्याच भेगा गटागट गिळतात, सहजी वर थेंब येऊ देत नाहीत. पण हे निवृत्तीला सांगणार कोण? पाईपाचा नकाशा होता म्हणे कागदांत. ग्रामसेवक विचारून आला, तर एका कचेरीनं सांगितलं की जिल्हा बदलला तेव्हाच कागद पाठवले, दुसरीनं सांगितलं की आलेच नाहीत. नकाशा वाटेतच कुठं तरी वस्तीला राहिला होता.

तसा कागदाविना एक नकाशा निवृत्तीला ठाऊक होता. त्याला पाईपाची विद्या दिली ती त्याच्याआधी गावचा नळ सोडणाऱ्या सिद्रामप्पानं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या पोरांतून सिद्रामप्पानं ह्याला उचललं आणि हाताखाली घेतलं. गावच्या आडावर ज्याच्या आईला पोहरा टाकू देत नव्हते, त्याच्या हाती सगळ्या गावाच्या नळाची चावी! लोकांनी नाकं मुरडली, काहींनी महिनाभर तोट्या घासून धुतल्या. सिद्रामप्पा लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. एक टोक जमिनीत रोवायचं, दुसरं कानाला लावायचं, अशी लोखंडी सळई त्यानं निवृत्तीला दिली. धड पाईप घुमतो आणि फुटका पाईप खरखरतो, हे त्यानं भर दुपारी, वारा पडलेला असताना, शिकवलं.

आणि एक गोष्ट त्यानं फक्त निवृत्तीलाच सांगितली. पाईप जिथं जिथं वळतो तिथं त्यानं एकेक धोंडा रोवला होता. सात वळणं, सात धोंडे. पण कुळव अडला की शेतकरी धोंडा उपटून बांधावर फेकायचे. तेव्हा ह्या बहाद्दरानं काय करावं? सातही धोंड्यांना विभूती फासली. झालं! मजाल कुणाची हात लावायची. निवृत्तीला तेव्हा इतकं हसू आलं होतं की पोट दुखलं.

आता हसू कुठलं. धोंड्यांचे देव झाले म्हणजे देवांचं सगळं आलंच. कुणी देवाला उन्हातून उचलून लिंबाच्या सावलीत बसवलं, कुणी पूर्वेकडं तोंड करावं म्हणून चार पावलं सरकवलं, सरपंच ईश्वरप्पानं तर एक आपल्या आडतीच्या दुकानापुढं आणून ओटा बांधला. निवृत्तीनं धोंड्यांच्या अंदाजानं तीन ठिकाणी पुरुषभर खड्डे खणले, तिन्ही कोरडे. तो खड्ड्यात उभा राहून चारी दिशांना बघायचा आणि कुठली दिशा कुठं गेली तेच त्याला उमजायचं नाही. सळई लावावी तर भेगाळलेल्या जमिनीतून नुसता भणभण आवाज. चौथ्या खड्ड्याला गडी यायला तयार होईनात.

सोमवारी सकाळी सिद्रामप्पाची सून रुद्राणी रानातल्या देवाला बेल वाहायला गेली आणि ओरडतच परत आली. देवाला पाझर फुटला होता.

गाव लोटलं. चार नंबरचा धोंडा, लोक त्याला माळलिंग म्हणत, बुडापासून वीतभर ओला होता. बायांनी ओल बोटानं टिपून डोळ्यांना लावली. नारळ फुटले. ईश्वरप्पा माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. दोन वर्षांनी देवानं गावाकडं बघितलं, उद्यापासून पाच दिवस पूजा मांडू आणि भोवती सिमेंटचा ओटा घालू, असं त्यानं तिथंच जाहीर केलं. टाकीत दीड हात पाणी होतं. पाच दिवसांची पूजा संपायच्या आधीच टाकीचा तळ कोरडा पडणार होता, आणि सांध्यावर सिमेंट बसलं की संपलंच. तो पुढं झाला आणि म्हणाला की खाली पाईप आहे, खणायला लागेल.

ईश्वरप्पा आवाज न चढवता बोलला, "निवृत्ती, तुमच्यात देव मानत न्हाईत, ते तुमचं तुमच्यापाशी. आमच्या देवाखाली पहार घालायची न्हाई."

धोंडा देव नाही, खूण आहे, हे सांगावं तर सांगणारा कोण, भीमनगरचा निवृत्ती! अन् तेरा वर्षं मूग गिळून का बसला होतास, असं कुणी विचारलं तर? सांगू शकणारा एकच माणूस होता आणि त्याला वर्षभरापासून स्वतःचं नावसुद्धा धड आठवत नव्हतं. तरीही निवृत्ती रुद्राणीला विचारून सिद्रामप्पाला हाताला धरून घेऊन आला. वाटेत आप्पानं त्याला तीनदा विचारलं, तू कुणाचा. निवृत्तीनं तीनदा सांगितलं.

धोंड्यापाशी आल्यावर आप्पानं वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि आपणच रोवलेल्या धोंड्याला भक्तिभावानं हात जोडले. निवृत्तीला वाटलं, आता बसकण मारावी आणि ढसाढसा रडावं. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं हातातली सळई आप्पाच्या हातात दिली. उगीच, म्हाताऱ्याला आधार म्हणून.

पण हात शहाणे असतात. आप्पानं ती काठीसारखी टेकली नाही. टोक धोंड्याच्या बुडाशी रोवलं, वाकला, कान लावला. बराच वेळ तो तसाच राहिला. लोकांनी हालचाल थांबवली, मागं एक शेळी ओरडली तेवढीच.

"सांधा सुटलाय," आप्पा म्हणाला. "निवऱ्या, पहार आन."

"आप्पा, खाली देव हाय," ईश्वरप्पा म्हणाला.

"हाव की. त्यालाच इचारलं. उठीव म्हनतोय मला, पाय भिजून राहिलेत."

म्हाताऱ्याला सगळं आठवलं होतं, की तो खरंच देवाशी बोलत होता, की गावाला गुंडाळत होता? निवृत्ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, पण त्या तोंडावरून काही कळेल तर ना. ईश्वरप्पा क्षणभर घुटमळला. मग त्यानंच धोतर खोचलं, धोंड्याला दोन्ही हात घातले आणि आप्पाच्या मदतीनं देवाला हळूच बाजूला पोत्यावर बसवलं. त्यानंतर दहा पहारी आल्या.

साडेतीन हातांवर पाईप लागला. सांध्यातलं शिसं निघून पडलं होतं आणि पाणी थेट एका भेगेत घुसत होतं, खाली कुठवर कोण जाणे. निवृत्तीनं ताग ठोकला, वरून सायकलची ट्यूब आवळली, लोखंडी पट्टा कसला. दिवस मावळायच्या आत खरखर थांबली. टाकीत हातभर पाणी वाचलं. ईश्वरप्पानं निवृत्तीच्या पाठीवर चिखलाच्या हातानं थाप मारली आणि वीटभट्टीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

खड्डा बुजवल्यावर प्रश्न आला, देव कुठं बसवायचा. कुणी म्हणे इकडं, कुणी म्हणे तिकडं. निवृत्तीनं कुणाला न विचारता धोंडा उचलला आणि बरोब्बर सांध्यावर रोवला. सुतभर इकडं नाही, तिकडं नाही. चिखलानं धोंड्याची विभूती धुऊन गेली होती. असा उघडा राहिला तर वर्षभरात कुणीतरी हलवणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. आप्पा बाजूला बसला होता. पुन्हा धुक्यात गेला होता, पण त्यानं कमरेच्या चंचीतून विभूतीचा गोळा काढून पुढं केला.

छप्पन साली निवृत्ती दहा वर्षांचा होता. बापानं घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि टोपली ह्याच्या डोक्यावर दिली. दोघांनी ते ओढ्यात सोडले आणि परत येताना बापानं मागं वळून बघू दिलं नाही. तेव्हापासून निवृत्ती कुठल्या देवापुढं वाकला नव्हता. आता तो गुडघ्यावर बसला, तीन बोटं विभूतीत घातली आणि धोंड्यावर तीन पट्टे ओढले. आपण बरोबर केलं की बापाला दगा दिला, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

घरी पंचशीलानं त्याच्या हाताला पाणी ओतायला तांब्या उचलला आणि तिला पांढरी बोटं दिसली.

"तुमच्या बाबांनी टोपलीभर देव सोडले, आन तुम्ही एक बसवून आलाव?"

"देव न्हाई. सांधा हाय त्यो."

"मग पुसून टाका."

"पुसला तर हरवंल. मग पानी बी हरवंल."

तिनं तांब्या खाली ठेवला. चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तिच्या मनात काय चाललंय ते त्याला कळेना. आज त्याला कुणाच्याच मनातलं कळत नव्हतं.

"आन आप्पावानी तुम्ही बी इसरलाव तर?" ती म्हणाली. "मला दावून ठेवा. सातीच्या साती."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वारा पडल्यावर, दोघं सळईनं कानोसा घेत पाईपाच्या वाटेनं निघाली. चौथ्या धोंड्यापाशी पंचशीला थांबली, पट्ट्यांकडं तिनं पाहिलं नाही. तिनं सळई रोवली, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि कान लावला.

"घुमायलाय," ती म्हणाली.