पाखरांसाठी लावलेला टीव्ही

बायको गेली त्या हिवाळ्यात घरात तिची पाखरांची जोडी राहिली. दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणतात, पण ती बजरीगर, पोपटांचीच एक छोटी परदेशी जात. नराच्या चोचीवरची कातडी निळी, मादीची तपकिरी. आजारपणात बायकोला पलंगावरून दिसेल असा पिंजरा मी खिडकीशी टांगला होता. तिला त्यांची पिल्लं पाहायची होती. चंद्रपूरच्या दवाखान्यातून परतताना तिने ऑटो थांबवायला लावून बाजूला भोक पाडलेलं मातीचं मडकं घेतलं. मादी त्यात अंडी घालते म्हणे. मडकं पिंजऱ्यात लागलं, आणि पाखरं त्यात शिरायच्या आधी ती गेली.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्याने होत नसेल तर देऊन टाका ना कोणाला."

होत नव्हतंच. पण बायकोच्या राहिलेल्या इच्छांपैकी माझ्या हातात एवढी एकच होती. उन्हाळ्यापर्यंत वाट पाहू, असं मी ठरवलं. आमचा गडचांदूरचा उन्हाळा माणसांना सोसवत नाही, त्यात अंडी काय टिकणार. तोवर काही झालं नाही तर जोडी कुरखेड्याच्या मेहुण्याकडे पोचवायची आणि मोकळं व्हायचं.

मी वाचून काम करणारा माणूस. जे मिळालं ते वाचलं. राळ्याच्या दाण्यांसोबत मोड आलेले मूग दिले, उकडलेलं अंडं कुस्करून दिलं, अंड्यांच्या कवचाला चुना मिळावा म्हणून चोचीने कुरतडायला समुद्रफेसाचा तुकडा तारेला अडकवला. पाखरं सगळं खात आणि दांडीच्या दोन टोकांना बसून राहत. मडक्याकडे कोणी फिरकत नसे. रोज पाणी बदलताना मी आत डोकावायचो. रिकामं.

घरही तसंच होतं. टीव्हीवर चादर टाकली होती ती कोणी काढली नव्हती. सिमेंट कारखान्याची धूळ येते म्हणून खिडक्या बंद. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की तावदानं थरथरत, तेवढाच बाहेरचा आवाज. बाकी माझ्या पुस्तकाची पानं आणि त्यांच्या राळ्याची टरफलं.

माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. एक दिवस ती डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"भाऊजी, हे घर हाय का मसनघट?"

मी म्हणालो, "पाखरांना त्रास नको."

"पाखरायले कायचा त्रास. तुमालेच हाय." तिने चादर ओढली. "माया घरी पोट्टे क्रिकेट पाहून राह्यले. मी माही शिरियल इथीच पायतो आता."

तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. मालिकेतल्या सुना-सासवा भांडायच्या, ही त्यांना शिव्या द्यायची. "पाय कशी सजून बसली. सैपाक कोन करते हिच्या घरी, भाऊजी?" मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जायचो. तिचा राग यायचा. बहीण जाऊन असे किती दिवस झालेत, असं वाटायचं. मग एकदा ती भांडी घासता घासता थांबून पदराने डोळे पुसताना दिसली.

नर हळूहळू टीव्हीवर कुरघोडी करू लागला. सासू ओरडली की तो मान हलवत तावातावाने बडबडायचा. नंतर मादीजवळ सरकून तिला चोचीत दाणे भरवू लागला. तिच्या चोचीवरची कातडी गडद, खरबरीत झाली, अंडी घालायला तयार झाल्याची ती खूण. ती मडक्याचा काठ खरवडू लागली. ही थव्यातली पाखरं, भोवती गजबज असेल तरच घरटं करायला धजतात, हे मी वाचलं होतं. आमच्याकडे दुसरा पिंजरा ठेवायला जागा नाही म्हणून ते सोडून दिलं होतं.

मेहुणी गेली की मी टीव्ही बंद करायचो. बंद केला की नर बोलता बोलता थांबायचा. शेवटी तो चालूच ठेवू लागलो. आवाजाने डोकं दुखायचं. हसणारं, भांडणारं घर ऐकू यायचं, आणि आमच्या घरात मी एकटा.

अंडी झाली. बरीचशी पोकळ निघाली. एकातून पिल्लू आलं. लाल, आंधळं, मान न पेलणारं. आनंद झाला असं म्हणवत नाही. मी पलंगाच्या काठावर बसलो तो उठवेना.

मेहुणी म्हणाली, "रडून राह्यले का भाऊजी?"

"नाही. थकलो."

"मंग बसा. मूग मले द्या."

मुलीला फोन करून सांगितलं की आता पाखरं कुठे देता येणार नाहीत, निदान पिल्लू उडेपर्यंत. ती म्हणाली, "आईला दिसायला हवं होतं." मी हो म्हणालो. होळी जवळ आली होती आणि ऊन चढायला लागलं होतं. फोन ठेवून मी माळ्यावरचा कूलर खाली काढला. त्याच्या जाळ्यांतली जुनी खस कुजलेली, हातातच सुटून आली. नवी आणायला बाजारात गेलो.