घोटबाईंची शिट्टी

बाईंची शिट्टी दोन प्रकारची होती. एक आखूड, खेळ थांबवण्यासाठी. दुसरी लांब, शेवटी वर चढणारी. ती झाली की मैदानावरच्या प्रत्येक मुलीने हातातला बॉल किंवा रॅकेट खाली ठेवायची, बाटलीपाशी जायचं, पाणी प्यायचं आणि जागेवर परत यायचं. शिट्टीच्या मागोमाग बाईंचा आवाज येई, "घोट!" तहान लागली आहे का, असं त्या कधीच विचारत नसत. "तहान लागली म्हंजे उशीर झाला," त्या म्हणायच्या. "तहान ही तक्रार असती. तक्रार यायच्या आत काम उरकायचं."

आमच्या भागात तोपर्यंत खेळाचं एकच शास्त्र प्रचलित होतं : खेळताना पाणी पिऊ नये, पोटात कळ येते. कबड्डीच्या वस्तादांपासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना ते मान्य होतं. ते कुणी कधी तपासून पाहिलं होतं, अशी माहिती नाही.

गेवराई तालुक्यातल्या एका मोठ्या गावातली ही शाळा एका शिक्षण संस्थेची होती. बाई मूळच्या पाटोद्याच्या. ट्रॅकपँट घालून मैदानात उतरणारी शिक्षिका गावाने पहिल्यांदाच पाहिली. मुलींनी त्यांचं नाव घोटबाई ठेवलं ते प्रेमाने. शिक्षकांच्या खोलीत तेच नाव वेगळ्या अर्थाने वापरलं जाई. गणिताचे सर रोज विचारत, "काय बाई, आज किती घोट झाले?" एकदा बाईंनी डबा खाता खाता उत्तर दिलं, "सहा. तुमचे रात्रीचे त्यात धरले न्हाईत." त्यानंतर प्रश्न बंद झाला, पण उत्तर सरांच्या लक्षात राहिलं.

वेळापत्रकात 'शा. शि.' असा तास होता. शारीरिक शिक्षणाचा. तो गणिताला किंवा इंग्रजीला जाई, आणि उरला तर मुलं मैदानात आणि मुली भिंतीच्या सावलीत बसत. शा. शि. च्या शिक्षकाची कामंही ठरलेली होती : हातात छडी ठेवणं, प्रार्थनेला रांगा लावणं, पाहुणे आले की लेझीम बसवणं आणि मंडपवाल्याला फोन करणं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात छडी ऑफिसात परत केली. "ही व्हॉलीबॉलला लागत न्हाई," त्या म्हणाल्या. तास मात्र एकही सोडला नाही. गणिताचे सर वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले की त्या म्हणत, "या सर, बसा. आज खांदा हाय."

खांदा म्हणजे खरोखरच खांदा. आधी मैदानावर व्हॉलीबॉलची सर्व्हिस मारायला लावायच्या, आणि मग वर्गात फळ्यावर आकृती काढून ती नेटमध्ये का गेली ते सांगायच्या. "खांदा म्हंजे आपली लिंबू-चमचा शर्यत. हाताचं हाड हे लिंबू, पाठीचं हाड हा चमचा. फिरतो लई, टिकतो कमी. नुस्त्या खांद्यानं मारशील तर लिंबू पडंल. पायापासून मार." उडी मारून उतरायला शिकवताना त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि फक्त ऐकत. "धप झालं का गुडघ्यानं मार खाल्ला. मांजर उतरलेलं ऐकलंय का कधी?" गळ्यावर दोन बोटं ठेवून ठोके मोजायला त्यांनी शिकवलं. बॅडमिंटन भल्या सकाळी असे, कारण उन्हं वर आली की वारं सुटे आणि शटल उमापूरच्या रस्त्याला लागे. म्हणून गावात एक बंदिस्त हॉल हवा, ही मागणी बाईंनी आल्या वर्षापासून लावून धरली होती.

मुलींचा एक तास त्या वेगळा घेत. त्यात लघवीचा रंग हा धडा होता. लिंबूपाण्यासारखा असेल तर खेळा, कोऱ्या चहासारखा असेल तर बसा आणि पाणी प्या. ही बातमी घरी गेली. दुसऱ्या दिवशी एक वडील शाळेच्या फाटकातूनच ओरडत आले, "पोरीला कसलेबी रंग इचारती व्हय बे ही मास्तरीण?" बाई मैदानातून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, घरी तुमी इचारला असता तर मला इचारावा लागला नसता. पोरगी कप्तान हाय तुमची. बसा, खेळ बघा." ते बसले नाहीत. पण मुलगी खेळत राहिली.

त्याच दिवसांत बाईंना एक गोष्ट दिसली. मुली शिट्टीला बाटली तोंडाला लावत होत्या, पण गिळत नव्हत्या. तोंडात धरलेलं पाणी लिंबाच्या झाडामागे जाऊन टाकत होत्या. बाईंनी एकीला धरलं. "चुळा भरताय व्हय तुमी? घोट म्हणलं मी, चूळ न्हाई म्हणलं."

"बाई, प्यालं तर जायचं कुठं?" ती मुलगी म्हणाली.

मुलींचा संडास शाळेत होता. पक्का बांधलेला, फरशी बसवलेला. त्याला कुलूप होतं आणि चावी हेडसरांच्या टेबलाच्या खणात होती. मुली घाण करतात आणि पाहुण्या बाई आल्या तर पंचाईत होते, हे कारण. सकाळी घरातून निघालेल्या मुली दुपारी घरी पोचेपर्यंत जात नसत, म्हणून पीतही नसत. दर वर्षी चाचणी परीक्षेच्या सुमारास पाच-सहा जणी पोट धरून बसायच्या आणि त्याला आळस म्हटलं जायचं.

बाईंनी चावी मागितली. हेडसर म्हणाले, बघू. बाईंनी अर्ज दिला. हेडसर पुन्हा म्हणाले, बघू. तिसऱ्या दिवशी बाईंनी व्हॉलीबॉलचे खांब रोवायची पहार आणली आणि कुलपावर घातली. फुटलेलं कुलूप कोयंड्यात लटकत राहिलं.

"बाई, रीतसर अर्ज करायचा होता," हेडसर धावत येऊन म्हणाले.

"केलता की. तुमी म्हणलता, बघू. मी बघितलं."

त्या दिवसापासून मुली पाणी गिळू लागल्या. त्या वर्षी शाळेच्या मुली व्हॉलीबॉलमध्ये जिल्ह्यावर गेल्या. त्याचा फलक ऑफिसात लागला, त्याखाली हेडसरांचा फोटो होता.

हॉल मंजूर झाला तेव्हा मी दहावीत होते. उद्घाटनाला एक मोठे नेते येणार होते. नाव लिहिण्याचं कारण नाही, त्यांच्या जागी दुसरे असते तरी तेच घडलं असतं. होळी होऊन गेली होती, आमची बोर्डाची परीक्षा संपली होती, तरी आम्हालाही बोलावलं होतं. पाचवीपासूनच्या सगळ्या मुलींना नऊवारी नेसवून, डोक्याला फेटे बांधून, हातात लेझीम देऊन फाटकापासून हॉलपर्यंत दोन रांगांत उभं केलं होतं. पाहुणे दहाला येणार होते. बारा वाजून गेले तरी आले नव्हते. हॉल दहा पावलांवर होता, आत गार सावली होती आणि दाराला लाल फीत होती. समोरच्या मंडपात खुर्च्या आणि कूलर होते, ते पाहुण्यांसाठी.

बाई मंडपात संस्थेच्या अध्यक्षांकडे गेल्या. मी रांगेच्या टोकाला होते, त्यामुळे बोलणं ऐकू आलं.

"साहेब, पोरींना हॉलमधी बसू द्या. फेटा म्हंजे डोक्यावर झाकण हाय. घाम सुकत न्हाई."

"फीत कापायचीय बाई अजून."

"फीत मी वर धरते. पोरी खालून जातील."

अध्यक्ष हसले, शेजारच्यांकडे पाहून. "तुमी लेझमाचं बघा."

पाहुणे आले ते एकच्या पुढे. फीत कापण्याआधी त्यांनी भाषण करायचं ठरवलं. खेळामुळे आरोग्य सुधारतं, या मुद्द्यावर ते बराच वेळ बोलले. आमच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीच्या खांद्यावर कलली. "या मुली," पाहुणे म्हणाले, "या खेळाडू म्हणजे देशाची संपत्ती आहे."

तेव्हा शिट्टी झाली. लांब, शेवटी वर चढणारी.

दोन्ही रांगा जागच्या जागी बसल्या. लेझीम जमिनीवर आपटली त्याचा एकच मोठा आवाज झाला. फेटे उतरले. बाईंनी सकाळीच रांगांच्या मागे बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. सगळ्या मुली पाणी पीत होत्या आणि माइकवर फक्त कूलरची घरघर ऐकू येत होती.

"काय झालं?" पाहुण्यांनी माइकवरच विचारलं.

"काई न्हाई साहेब," बाई म्हणाल्या. "संपत्ती पाणी पिऊ लागलीय."

मंडपाच्या मागच्या बाजूला, गावकऱ्यांत, हशा उठला. पाहुणेही थोडे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'क्रीडा हॉलचे उद्घाटन उत्साहात' अशी बातमी आली.

सुट्टी लागायच्या आत बाईंची बदली झाली. संस्थेची दुसरी शाळा परळी तालुक्यात होती, धर्मापुरीच्याही पुढे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे मैदान नव्हतं, उताराचा मुरूम होता. बदलीचं कारण 'विद्यार्थिहित' असं दिलं होतं. निरोप समारंभ ठेवला नाही. आम्ही काही जणी स्टँडवर गेलो. एकीने विचारलं, "बाई, आता शिट्टी कोण मारंल?" बाई एसटीच्या खिडकीतून म्हणाल्या, "शिट्टीची वाट बघू नका. रडायचं असंल तर आधी पाणी प्या, अंगातलं कमी होतं."

हॉलमध्ये त्या वर्षभरात संस्थेच्या खुर्च्या आणि मंडपाचे बांबू ठेवले गेले. नेट कधी बांधलं गेलं नाही.

मी अकरावीला बीडला आले. त्या वर्षी गावच्या शाळेत क्रीडा सप्ताहाचं उद्घाटन होतं आणि पाहुण्यांना उशीर झाला होता. आमच्या गल्लीतली आठवीची पल्लवी रांगेत उभी होती, ती पडली. गावातल्या डॉक्टरांनी बीडला पाठवली. मूत्रपिंडांना मार बसला आहे, असं इथल्या डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं. पल्लवी वाचली, पण पुन्हा खेळली नाही. हेडसर म्हणाले, पोरगी उपाशी आली असेल. वर्तमानपत्रात 'विद्यार्थिनीला चक्कर' एवढंच छापून आलं. संस्थेने यातून धडा घेतला. यापुढे अशक्त मुलींना कार्यक्रमात घेऊ नये, अशी सूचना शाळांना गेली.

मी वॉर्डात बसले होते तेव्हा बाई आल्या. धर्मापुरीच्या पुढून, दोन एसट्या बदलून. त्यांनी पल्लवीच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, ठोके मोजले, मग विचारलं, "बाटली होती का जवळ?"

"होती."

"भरलेली?"

"हां."

"मग पिली कावून न्हाईस?"

पल्लवीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई," ती म्हणाली, "कुलूप हाय ना."

बाईंची बदली झाली त्याच आठवड्यात नवं कुलूप आलं होतं. आधीच्यापेक्षा मोठं. मला ते माहीत नव्हतं, बाईंनाही नव्हतं. बाईंनी उशाशी उघडी असलेली पाण्याची बाटली घेतली, तिचं झाकण घट्ट लावलं आणि जागेवर ठेवली. "येते," एवढंच म्हणाल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शाळेचे शिपाई मामा सांगतात ते असं : दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी व्हायच्या सुमारास बाई फाटकातून आत आल्या आणि कुणाशी न बोलता मैदानाकडे गेल्या. "पहार कुठंय ते मी सांगितलं न्हाई," मामा म्हणतात. "माझी नुस्ती नजर गेली तिकडं." हेडसर ओसरीतून ओरडत होते, "बाई, तुमचा आता इथं काय संबंध?" बाई काम करत होत्या. या वेळी वेळ लागला. मुली वर्गाच्या खिडक्यांत गोळा झाल्या होत्या आणि एकही शिक्षक त्यांना हटकत नव्हता, गणिताचे सरसुद्धा.

बाई निलंबित झाल्या. संस्थेच्या मालमत्तेची मोडतोड, हा आरोप. रांगेत तासन् तास मुली उभ्या करणाऱ्यांवर कुठलाही आरोप ठेवला गेला नाही. त्याची कुठे चौकशीही झाली नाही. बाईंना परत घेतलं गेलं नाही. आता त्या पाटोद्यात असतात आणि सकाळी वारं सुटायच्या आत घरामागच्या जागेत मुलींना बॅडमिंटन शिकवतात. मी वर्तमानपत्रात काम करते. 'चक्कर' हा शब्द टेबलावर आला की मी बातमीदाराला फोन करून विचारते : किती वेळ उभी होती, पाणी कुठे होतं, संडास उघडा होता का? बहुतेकांना शेवटचा प्रश्न कळत नाही. मी तो पुन्हा विचारते.

बाईंची चौकशी ऑफिसात झाली. अध्यक्ष स्वतः समोर बसले होते. मामा चहा घेऊन आत गेले तेव्हा शेवटचा प्रश्न चालू होता, तो अशा चौकशीत ठरलेलाच असतो : केलेल्या कृत्याचा खेद वाटतो का?

"वाटतो," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी लिहून घ्यायला पेन उघडलं.

"पहिल्या खेपंला नुस्तं कुलूप तोडलं. कुलूप काय, बाजारात दुसरं मिळतं. कोयंडा भिंतीतून उपटायला पायजे होता. दुसऱ्या खेपंला उपटला. तवर एक पोरगी गेलती दवाखान्यात. त्याचा खेद हाय. लिहा."